चाक फिरलं की झोपणारे श्रीपतभाऊ

आमच्या समोरच्या दारात श्रीपती गायधनी राहतात. दोह्याच्या बिन महमूद भागातली आमची इमारत जुनी आहे. लिफ्टमध्ये माणूस शिरला की ती आधी थोडा विचार करते आणि मग हलते. त्या लिफ्टमध्ये मी श्रीपतभाऊंना उभ्या उभ्या डुलकी काढताना पाहिलंय. इमारत पाच मजल्यांची आहे म्हणून बरं. तिकडे समुद्राकाठच्या टॉवरमध्ये राहत असते, तर त्यांना उतरवून घ्यायला खाली रोज कुणीतरी उभं करावं लागलं असतं.

मी हे कौतुकानं सांगतेय. माझा नवरा इब्राहीम म्हणतो, जाहिदा कुणाचं कौतुक करायला लागली की त्या माणसानं आधी दार लावून घ्यावं. पण श्रीपतभाऊंनी दार लावून उपयोग नाही. दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. माझ्याकडे बातमी आपल्या पायांनी चालत येते, मी तिला फक्त बसायला पाट देते.

तर श्रीपतभाऊ. मूळचे नाशिकचे. सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होते, लेक अंतरा रांगत होती तेव्हा इकडे आले आणि रास लफानच्या गॅसच्या प्लांटवर लागले ते अजून तिथेच आहेत. उंच, सडपातळ, मिशी नीट कातरलेली. शर्टाच्या खिशात कंपनीचं कार्ड, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. बोलणं इतकं कमी की त्यांच्या मानानं आमची लिफ्ट बडबडी. कुठलीही गोष्ट दाखवा, घर, साडी, नवा मॉल, मुलीचा निकाल, ते बघतात आणि म्हणतात, "छान आहे." फारच आवडलं तर, "छान आहे. शांत आहे." अंतराच्या निकालालासुद्धा ते शांत आहे म्हणाले होते, विभावरी शपथेवर सांगते.

विभावरी म्हणजे त्यांची बायको, माझी मैत्रीण. तिचं पुढे येईलच.

प्लांटवर त्यांचं काम कंट्रोल रूममध्ये. भिंतभर पडदे, त्यावर आकडे आणि दिवे, आणि समोर खुर्चीत श्रीपतभाऊ. त्याला ते पॅनेल म्हणतात. पॅनेलसमोर सतत कुणीतरी जागं असायलाच हवं. एकाला चहाला उठायचं असेल तर शेजारच्यानं तोंडानं म्हणायचं, "पॅनेल माझ्याकडे." नुसती मान हलवलेली चालत नाही. ते शब्द ऐकल्याशिवाय पहिल्यानं खुर्ची सोडायची नाही. आणि शिफ्ट संपली की पुढच्या माणसाला आपल्या वेळात काय काय झालं ते सगळं सांगायचं, त्याला हँडओव्हर म्हणतात, आणि मगच घरी जायचं. रात्रपाळीत इतक्या वर्षांत हा माणूस पॅनेलवर एकदाही पेंगलेला नाही. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या रत्नागिरीच्या पोरांकडून ऐकलंय. ती पोरं माझ्याशी खोटं बोलत नाहीत, कारण त्यांच्या आया माझ्या ओळखीच्या आहेत.

ही सवय घरी पण आलीय. विभावरी गॅसवर दूध ठेवून खाली भाजी घ्यायला निघाली की हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "पॅनेल माझ्याकडे." ती वर आली की हँडओव्हर. दूध वर आलं होतं, गॅस बारीक केला, पाण्याचे बाटले आले, जाहिदाभाभी दोनदा डोकावून गेल्या. त्या घरात दूध कधी उतू गेलेलं नाही.

आता असा माणूस झोपाळू कसा, असं तुम्ही विचाराल. तर तो झोपाळू नाही. फक्त चाक फिरलं की झोपतो. रास लफान दोह्यापासून लांब, उत्तरेला. पहाटे कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर येते. पेशावरकडचा अब्बास ती चालवतो. बसला जाड पडदे, आत अंधार, गार हवा. सगळी माणसं चढतात, हाताची घडी घालतात आणि बस वळायच्या आत झोपतात. प्लांटच्या गेटपाशी ओळीनं स्पीडब्रेकर आहेत. पहिल्या दणक्याला सगळ्यांचे डोळे उघडतात, दुसऱ्याला हात खिशात जातो आणि शेवटच्याला कार्ड खिडकीबाहेर, पहारेकऱ्याला दाखवायला. संध्याकाळी येताना तेच उलटं. श्रीपतभाऊ या रस्त्यानं आयुष्यभर गेले आणि त्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही.

पुढे पुढे ते बसपुरतं राहिलं नाही. टॅक्सीत झोपतात, बोटीत झोपतात. एकदा विभावरीनं त्यांना सूक वाकिफला हिंग आणायला मेट्रोनं पाठवलं. दोनच स्टेशनं. भाऊ तिथून पुढे रास बू अबूदला गेले, परत फिरणाऱ्या गाडीत बसून दुसऱ्या टोकाला अझिझियाला गेले, आणि असं बराच वेळ दोह्याला टाके घालत राहिले. रात्रीच्या आमटीत हिंग माझ्याकडचा पडला. अंतरानं बालवाडीत असताना गाडीचं चित्र काढलं होतं. त्यात आईचे डोळे बशीएवढे आणि बाबांच्या डोळ्यांच्या जागी दोन आडव्या रेघा. ते चित्र अजून त्यांच्या फ्रिजवर आहे. सगळे हसतो त्याला. विभावरीही हसायची, ऑक्टोबरपर्यंत.

ऑक्टोबरात ती दोघं फ्रान्सला गेली. अंतरा आता तुलूजला नोकरी करते. तिनं बोलावलं होतं, पण विभावरीला ओढ होती ती एका कॅलेंडरची. भाऊंच्या प्लांटला काही यंत्रं पुरवणारी एक फ्रेंच कंपनी दर जानेवारीला कॅलेंडर पाठवते. बारा महिने, बारा खेडी. दगडी घरं, निळ्या खिडक्या, खिडकीत फुलं, आणि चित्रात माणूस औषधाला नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजताना विभावरी वर्षानुवर्षं त्या गावांमधून फिरून यायची. एका वर्षीचा ऑक्टोबर तिला इतका आवडला की वर्ष संपलं तरी ते पान ओट्यावरच्या भिंतीवरच राहिलं. टेकडीवर चढत गेलेलं मधाच्या रंगाचं गाव, खाली नदी, वर धुक्याची पट्टी. मी तिला म्हणायचे, इथे कपडे कुठे वाळत घालतात ते विचार आधी. ती म्हणायची, जळतेस तू.

अंतरानं गाडी काढली आणि एक अख्खा दिवस त्यांना खेडी दाखवायला नेलं. पुढे अंतरा आणि तिची आई, मागे भाऊ. पुढचं मला विभावरीनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. एका गावाबाहेर रस्त्याला स्पीडब्रेकर होते. बाहेर बाकावर एक म्हातारेबुवा काठी घेऊन बसलेले. गाडीनं दणके खाल्ले, मागची काच खाली गेली आणि आमच्या भाऊंनी अर्धवट झोपेत कंपनीचं कार्ड त्या म्हाताऱ्यासमोर धरलं. बुवांनी चष्मा लावला, कार्ड मागूनपुढून पाहिलं, भाऊंचा चेहरा फोटोशी ताडून बघितला, आणि मोठ्या अदबीनं मान लववून जायची परवानगी दिली. अंतरा हसून हसून गाडी चालवू शकेना. मी पण हे ऐकून जमिनीवर बसले. विभावरीनं मात्र नुसतं सांगितलं. हसली नाही.

कारण खरी गोष्ट त्याच्या आधीच होऊन गेली होती, आणि ती तिनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितली, कोथिंबीर निवडताना. सकाळी एका वळणावर गाडी फिरली आणि समोर ते गाव आलं. ओट्यावरचं. तीच टेकडी, तीच नदी, धुकंसुद्धा अंथरून ठेवल्यासारखं. ती "अहो" म्हणत मागे वळली. मागे हाताची घडी आणि मिटलेले डोळे.

मी म्हटलं, हलवायचंस ना. ती म्हणाली, "हलवलं असतं तर बघितलं असतं गं त्यांनी. छान आहे, शांत आहे, असंही म्हणाले असते. मला उठवून दाखवायचं नव्हतं."

मग गाव आलं, सगळी उतरली, भाऊ दोन गल्ल्या फिरले, छान आहे म्हणाले. त्या वळणाबद्दल विभावरी एक अक्षर बोलली नाही, तेव्हाही नाही आणि घरी आल्यावरही नाही. जानेवारीत अंतरानं पुन्हा बोलावलं, एप्रिलमध्ये या, फुलं असतात. विभावरीनं फोनवरच सांगून टाकलं की मी एकटी येईन, बाबांना झोपायला इथे घर आहे. डक्टमधून मला हे वाक्य स्वच्छ ऐकू आलं. त्यानंतर भांड्यांचाही आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी भाऊ आमच्या दारात. हातात माझंच भांडं, परत करायला आणलेलं, म्हणजे कारण बरोबर घेऊन आले होते. भांडं माझ्या हातात दिलं, दाराच्या चौकटीकडे बघितलं. मग म्हणाले, "भाभी, गाडीत जागं कसं राहतात?"

मी मस्करी करणार होते, पण त्यांचं तोंड पाहिलं आणि चहा टाकला. तिकीट काढायला तिला अजून पंधरा-वीस दिवस आहेत, एवढं त्यांना ठाऊक होतं. ती एकटी गेली तर त्यांना राग नव्हता. पण आज एकटी गेली की पुढे नेहमीच एकटी जाईल, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनी सगळं सांगितलं असं नाही. चार शब्द ते बोलले, उरलेले मी भरले. माझा तो हातखंडा आहे.

इब्राहीमला खेड्यांची कल्पना सुचली. तो म्हणाला, शांत खेडीच बघायचीत ना, मग आपल्या उत्तरेला काय कमी आहेत? रुवैसच्या पुढे समुद्राकाठी जुनी कोळ्यांची गावं आहेत, अल जुमैल वगैरे. माणसं केव्हाच सोडून गेली. फ्रान्सच्या खेड्यांत माणूस दिसत नाही, तर इथे तो नाहीच, म्हणजे शांततेत आपण एक पाऊल पुढे. शनिवारी जाऊ. भाऊंनी जाता-येता जागं राहायचं, खलास. विभावरीला हे सांगायचं नाही असं ठरलं. मी संध्याकाळपर्यंत सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि मला वाटतं इब्राहीमनं ते हिशोबात धरलं होतं. विभावरी ऐकून एवढंच म्हणाली, "बघू."

शनिवारी सकाळी निघालो. थंडीतलं ऊन, आकाश धुतल्यासारखं. विभावरी पहाटेपासून उठून दशम्या, ठेचा, मसालेभात करत होती. मी घावन आणि कोलंबीचं सुकं घेतलं. चौघांना दोन दिवस पुरेल एवढं खाणं घेतल्याशिवाय आम्ही कुणीच उंबरा ओलांडत नाही, मग बाहेर फ्रान्स असो की रुवैस. भाऊंना इब्राहीमशेजारी पुढे बसवलं, आम्ही दोघी मागे. त्यांच्या दिमतीला लवंगा, भाजके चणे आणि एक हिरवी मिरची दिली होती. आणि मुख्य हुकूम असा की हाताची घडी घालायची नाही. घडी घातली की माणूस गेला.

म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीतून इकडचा दाट दुधाचा करक चहा घेतला आणि काठोकाठ भरलेला कप त्यांच्या दोन्ही हातांत दिला. इब्राहीमची अक्कल. गरम चहा हातात असताना झोपेल कोण?

शहर संपलं. बरझानचे जुने बुरूज गेले, शेतांची हिरवी जाळी गेली. मी मागून काही ना काही विचारत होते आणि भाऊ "हं" म्हणत होते. नाशिकला थंडी किती असेल, हं. अंतराचं लग्नाचं काही, हं. मग मी विचारलं, भाऊ, मी मस्कतच्या सुलतानाबरोबर पळून जाऊ का? हं.

इब्राहीमनं वाकून बघितलं. कप सरळ, चहा काठोकाठ, एक थेंब सांडलेला नाही, आणि वर मिटलेले डोळे. झोपेत चहावर सायसुद्धा धरली होती. इब्राहीम हळूच म्हणाला, "हा माणूस सर्कशीत हवा होता." मी विभावरीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. पुढचा सगळा रस्ता ती एकटीच बघत होती, जशी नेहमी बघते.

अल जुमैलला गाडी थांबली तसे भाऊ जागे झाले, आधी कपाकडे बघितलं, मग आमच्या तोंडांकडे, आणि गार चहा घोटाघोटानं पिऊन टाकला. मीही थट्टा केली नाही, म्हणजे प्रसंग किती गंभीर असेल बघा.

गाव मात्र बघण्यासारखं. दगडामातीच्या भिंती अर्ध्या उभ्या, अर्ध्या बसलेल्या. दारांच्या चौकटी आहेत, दारं नाहीत. छप्परं केव्हाच गेलेली, म्हणून प्रत्येक खोलीत आभाळ. एका बाजूला मशिदीचा बुटका मिनार एकटा. गल्ली जिथे संपते तिथे समुद्र, तोही इतका उथळ आणि गप्प की ओहोटीला लांबवर गेलेलं पाणी परत यायचं विसरल्यासारखं वाटत होतं. पायाखाली शिंपल्यांचा चुरा. वारा एका खोलीतून दुसरीत जात होता.

मला आमचं खाडीकाठचं गाव आठवलं. तिकडेही अर्ध्या घरांना कुलपं आहेत, माणसं इकडे आलीत. इकडची माणसं हे गाव सोडून दोह्याला गेली. विभावरी म्हणाली, तिच्या फ्रान्सच्या गावांतली पोरंही शहरात गेलीत, खिडकीतल्या फुलांना म्हाताऱ्या पाणी घालतात. म्हणजे शांत गाव असं काही नसतं, गेलेली माणसं असतात. हे मी म्हणाले. इब्राहीमनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हिला ऊन लागलं. मग मी घावन काढले.

एका भिंतीच्या सावलीत चटई टाकून जेवलो. भाऊंनी ठेचा एवढा खाल्ला की डोळ्यांतून पाणी आलं. शिक्षा म्हणून की औषध म्हणून, ते माहीत नाही. जेवण झाल्यावर इब्राहीम नमाजाला मिनाराच्या बाजूला गेला. मी डबे आवरत होते. लांब जायला हवं होतं, पण डबे तिथेच होते.

भाऊ समुद्राकडे बघत म्हणाले, "विभा, तू गाडीत कधी झोपत का नाहीस?"

ती म्हणाली, "दोघांतलं एक तरी जागं नको?"

एवढंच. तिनं ते रागानं म्हटलं नाही, चटईवरची शितं झाडताना म्हणाली. सामान, पोर, पत्ता, उतरायचं ठिकाण, कुणी तरी बघायला हवं, म्हणून ती बघत आली. नाशिकला जाताना पण आणि फ्रान्सला पण. झोप तिलाही यायची. भाऊ ज्या तऱ्हेनं बसले होते ना, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर, तसं मी त्यांना पूर्वी एकाच ठिकाणी पाहिलंय. दुधासमोर.

निघताना त्यांनी मला पुढे बसायला सांगितलं. स्वतः मागे विभावरीशेजारी बसले. इब्राहीमला म्हणाले, शमाल रोडनं नको, अल खोरवरून घ्या. त्यांच्या बसचा रस्ता तो. इब्राहीम म्हणाला, "भाऊ, लांब पडेल, झोप लागेल." ते म्हणाले, चालेल. गाडी सुरू झाली. मी आरसा माझ्याकडे वळवून घेतला, इब्राहीमनं तो परत वळवला, शेवटी मी सरळ मान वळवून बसले. माझी मान अशा कामांसाठीच घडवलेली आहे.

भाऊ बायकोकडे वळले आणि कंट्रोल रूममध्ये म्हणत असतील तितक्याच कोरडेपणानं म्हणाले, "विभा, पॅनेल माझ्याकडे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. थट्टा आहे का ते तपासत असावी. मग तिनं चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, ओढणी मानेखाली घेतली आणि डोळे मिटले. आधी मला वाटलं, रुसून मिटले. पण थोड्या वेळानं तिचं डोकं भाऊंच्या खांद्यावर घसरलं आणि तोंड किंचित उघडं पडलं. इतक्या वर्षांत विभावरीला झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. घोरते. बारीक, पण घोरते. हे मी तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आणि भाऊ जागे. हातांची घडी नाही, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे खिडकीबाहेर. मी चणे पुढे केले, त्यांनी मानेनंच नको म्हटलं, मान हलवली तीही खांदा न हलवता. त्यांची नजर रस्त्याच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला शिस्तीत फिरत होती. काही चुकवायचं नाही अशी.

थखीराच्या तिवरांपाशी पाणी गुलाबी दिसलं, ते फ्लेमिंगो होते. भाऊ पुढे वाकले, मग बायकोकडे बघितलं आणि तिला उठवलं नाही. पुढे अल खोरचं स्टेडियम आलं, तंबूसारखं. वर्ल्ड कपच्या वेळी अख्ख्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं होतं. भाऊंच्या बसच्या खिडकीबाहेर ते पायापासून कळसापर्यंत बांधलं गेलं होतं. ते कुजबुजत इब्राहीमला म्हणाले, "हे कधी केलं?" इब्राहीमला हसू आवरेना, त्यानं खोकल्याचं निमित्त केलं.

अल खोरच्या सिग्नलला बाजूला एक बस येऊन उभी राहिली. जाड पडदे ओढलेले. रात्रपाळीची माणसं प्लांटकडे निघाली होती. ड्रायव्हरच्या खिडकीत अब्बास. त्यानं आधी नुसतंच बघितलं, मग भाऊंना ओळखलं, आणि त्याच्या तोंडावर जे आश्चर्य आलं ते मी सांगू शकत नाही. या माणसाचे डोळे कुठल्या रंगाचे आहेत हे त्याला बहुधा तेव्हा कळलं. भाऊंनी हात जरासा वर केला. अब्बासनं छातीवर हात ठेवला. हिरवा दिवा लागला, बस वळली. भाऊ त्या ओढलेल्या पडद्यांकडे वळणापर्यंत बघत राहिले.

मगरिबला पेट्रोल पंपाच्या मशिदीपाशी थांबलो. नमाज झाल्यावर मी बाहेर आले तर दिवे लागले होते. काचेतून आत बघितलं. गाडी उभी, इंजिन बंद, विभावरी झोपलेली, आणि भाऊ तसेच बसलेले. आता जागं राहायची काही गरज नव्हती. पण त्यांना कुणी सुटी दिली नव्हती ना.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. त्या दणक्याला विभावरी जागी झाली. खांद्यावरून डोकं उचललं, चष्मा शोधला, कुठे आलो विचारलं. इब्राहीमनं इमारतीखाली गाडी लावली. तो दार उघडणार तेवढ्यात भाऊंनी हँडओव्हर सुरू केला आणि आम्ही दोघं जागच्या जागी बसलो.

रुवैस सोडलं तेव्हा उजव्या हाताला ऊन होतं. एक शेळ्यांचा कळप, राखण करणारा माणूस फोनवर हसत होता. थखीराला फ्लेमिंगो, बरेच, एक वेगळा उभा होता. अल खोरला तंबूचं स्टेडियम, फार मोठं, तू मला हे आधी सांगायला हवं होतंस. सिग्नलला अब्बास. पंपावर एक लहान मुलगी आईस्क्रीमसाठी रडत होती, मिळालं. मग अंधार. दोह्याचे दिवे आधी एक रेघ दिसतात, मग वेगळे होतात. हे त्यांनी त्याच सपाट आवाजात सांगितलं. एका उंटाचाही उल्लेख केला. मी अख्खा रस्ता जागी होते, उंट नव्हता. पण मी मध्ये बोलले नाही.

विभावरी ऐकत होती. तो उंट झाल्यावर तिनं विचारलं, "संपलं?"

"संपलं."

"मग आता माझं घ्या," ती म्हणाली. "तिकडे सकाळी एक वळण होतं. तुम्ही झोपला होता."

आणि तिनं त्यांना ते गाव सांगितलं. टेकडी, नदी, मधाच्या रंगाची घरं. आधी धुक्यातून फक्त चर्चचं टोक दिसलं, मग छपरं एकेक करून वर आली, आणि अंतरा हळू आवाजात म्हणाली, मॉम, दॅट्स युअर ऑक्टोबर. मग ती "अहो" म्हणत मागे कशी वळली, तेही सांगितलं. इंजिन बंद होतं, गाडीत उकडायला लागलं होतं, माझ्या पायाशी कोलंबीचा डबा होता. इब्राहीमनं काच खाली करायला हात नेला, मी तो धरून ठेवला.

भाऊंनी सगळं ऐकलं. या वेळी छान आहे म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "नदी कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"घेतलं," ते म्हणाले. म्हणजे हँडओव्हर घेतला. मग आम्ही सगळे उतरलो आणि लिफ्टमध्ये शिरलो. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या मजल्याच्या आसपास भाऊंचे डोळे मिटले. विभावरीनं त्यांची बाही धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ धूत होते. डक्टमधून विभावरीचा फोनवरचा आवाज येत होता. मुद्दाम ऐकत नव्हते, नळ बंद केला होता एवढंच. ती अंतराला सांगत होती की दोन तिकिटं काढतेय. पलीकडून पोरगी इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारत असावी. विभावरी हसली. मग म्हणाली, "त्या वळणाच्या आधी मला झोप लागली तर उठवू नकोस. बाबा आहेत."

मागून भाऊ सांगत होते, तिला विचार, तिथे सकाळी धुकं किती वेळ असतं. तेवढ्यात डक्टमध्ये दूध उतू गेल्याचा वास पसरला. दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी हाक मारणार होते, मग म्हटलं, जाऊ दे एक दिवस.